बोळावरून गेलेले दात

शनिवार, १४ जून

दात विहिरीत पडले.

वाकून विहिरीत उतरलेल्या शेजारच्या बजरंगला सांगत होते, पाइप सोड, पाइप सोड. तिसऱ्यांदा ओरडले आणि वरची कवळी, खालची कवळी, दोन्ही गेल्या. डुबुक एवढाच आवाज. बजरंग वर बघून म्हणतो, "काकू, काय म्हणालात?" आता काय म्हणू!

संध्याकाळी गिरणीत गेले. आमची भाताची गिरणी. मालक वारल्यावर बंद पडली, उंदरं नांदत होती. दीड वर्षापूर्वी नातीनं, अनघानं, हिंजवडीची नोकरी सोडली, उंदरं हाकलली आणि तितं हॅकरस्पेस काढली. म्हणजे काय, तर ज्याला जे बनवायचंय त्यानं येऊन बनवावं. हत्यारं सगळ्यांची. मालक कोणी न्हाई. मी विचारलं, मालक कोणी न्हाई तर झाडू कोण मारतं? त्याचं उत्तर अजून आलेलं न्हाई. झाडू मी मारते. किल्ली पण माझ्याकडंच.

दर शनिवारी बैठक असते. पुण्याची, लोणावळ्याची, देहूरोडची पोरं येतात, भाताच्या पोत्यांवर बसतात. नियम असा की आधी काय बिघडलं ते सांगायचं, मग काय जमलं ते. आज आकाश नावाचा पोरगा उठला. त्यानं माकडं हाकलायचं यंत्र केलंय. शेतात माकड आलं की सरपंचांच्या आवाजात ओरडतं. "माकडं हलली नाहीत," म्हणाला, "पण सरपंच येऊन भांडून गेले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिघडलं की टाळ्या! ह्यांचं सगळं असंच.

मग मी उठले. म्हणलं, मला दात पाहिजेत. कुणाला कळलं न्हाई. तीनदा म्हणलं. अनघा म्हणाली, "आजी, ते डॉक्टरचं काम आहे." म्हणलं, डॉक्टरचं शिबिर दिवाळीत. मला आखाडात पाहिजेत. श्रावण लागला की मटण बंद. श्रावण, गणपती, पितरं, नवरात्र. दसऱ्यापर्यंत काय बोटानं हाडं फोडू? "आमचं यंत्र प्लास्टिकच्या वस्तू काढतं. ते प्लास्टिक तोंडात घालायचं नसतं, आजी." मी गिरणीची किल्ली कनवटीला खोचली आणि दाराकडं निघाले.

मग म्हणाले, बघू.

अनघानं ही वही दिली. जो काही बनवतो त्यानं रोज लिहायचं आणि शेवटी सगळ्यांना दाखवायचं. मी तिसरीपर्यंत शिकले. लिहीन. दाखवणार न्हाई.

रविवार, १५ जून

पेज प्याले. दुपारी परत पेज. तान्ह्या पोराचा जन्म बरा, त्याला दात येणार असतात.

सोमवार, १६ जून

आक्काला कळलं. कळणारच. आक्काबाई माझी थोरली जाऊ. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर, मधे आठ फुटांचा बोळ. तिला पण एक दात न्हाई, पण ती कवळी कधी लावत न्हाई. म्हणते, शोभत न्हाई. म्हणते म्हणजे मला न्हाई म्हणत. आमचं बोलणं अकरा वर्षं बंद आहे.

कारण फोटो. माझ्या धाकट्या प्रदीपच्या लग्नात सगळ्या घराण्याचा फोटो काढला. आक्का त्यात न्हाई. ती म्हणते, मला मुद्दाम त्याच वेळी नारळ आणायला पाठवलं. मी म्हणते, योगायोग.

हितं कोण बघतंय. मुद्दाम पाठवलं होतं. तिचं लुगडं माझ्यापेक्षा भारी होतं.

तवापासून जी आधी बोलंल ती हरली. मी हरणार न्हाई. ती पण हरणार न्हाई. पोरंबाळं निरोप नेतात.

शनिवार, २१ जून

आक्का गिरणीत आली! अकरा वर्षांत पहिल्यांदा. दाराजवळच्या पोत्यावर बसली आणि अनघाला म्हणाली, "तिला जे करताय ते मला पण करा."

मी अनघाकडं बघितलं. न्हाई म्हण. तर ही म्हणाली, "इथं सगळे सारखे, मोठी आजी. या."

सारखे!

जबड्याचा साचा घ्यायला त्यांच्याकडं काय न्हाई. मी म्हणलं, कणीक मळा. प्रज्ञेशनं मळली. हा देहूरोडचा, दिवसा डेपोत नोकरी करतो, शनिवार-रविवार हितं. हाताला गुण आहे पोराच्या, भाकरीचं पीठ मळावं तशी मळली. मी गोळा चावला. आक्कानं तिचा चावला. एका परातीत दोन गोळे. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून अनघाच्या आईच्या डब्यातनं माझ्या गोळ्याला हळदीचं बोट लावलं, तिच्या गोळ्याला कुंकवाचं. ओलं फडकं टाकून ठेवले.

तिचा गोळा बघितला. हिरड्या माझ्याएवढ्याच. उगाच तोंड मोठं वाटतं.

गुरुवार, २६ जून

गोळ्यांचं माप यंत्राला दिलं, आता ते दात पाडतंय. जिलबीवाला कढईत पीठ पाडतो तसं प्लास्टिक पाडतं, थरावर थर. पण जिलबी पटकन होते. हा एक दात म्हणजे अर्धा तास. शिवाय रंग पोपटी! म्हणलं, पांढरा? तर म्हणाले, पांढरं संपलं, सरपंचाचं तोंड करायला गेलं. माकडाच्या यंत्राला सरपंचाचं तोंड पण लावणार होते म्हणे.

अनघा दात पॉलिश पेपरनं घासत होती. "आजी, हे फक्त बघायला. खाऊ नकोस." व्हय म्हणलं.

शनिवार, २८ जून

बैठकीत दोघींना दात दिले. पोपटी. वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर.

बसवले. आई गं! वरचे डावीकडं उचलतात, खालचे जिभेत रुततात. डोळ्यांत पाणी आलं. काढायला हात नेला, तेवढ्यात आक्का समोरनं सगळ्यांना सांगते, "मला तर बाई एकदम बरोबर बसले."

मी हात खाली घेतला. म्हणलं, मला पण.

टाळ्या.

बुधवार, २ जुलै

चार दिवस झाले. हिरड्या सुजल्या. भात चावला की डोक्यात कळ. दारात बसताना तेवढे घालते. आक्का पण तिच्या दारात बसते, दात घालून. मी हसून दाखवते. ती हसून दाखवते. येणारी-जाणारी घाबरतात. काल पिंकी, बजरंगची धाकटी, दोघींच्या मधे उभी राहून रडली.

शनिवार, ५ जुलै

बैठकीत आधी काय बिघडलं ते सांगायचं. प्रज्ञेश उठला. मान खाली. म्हणाला, "माझं चुकलं. कणीक सैल पडू नये म्हणून मी पापडखार टाकला होता."

मग काय झालं? मग पापडखारानं हळद रातोरात लाल झाली. सकाळी फडकं काढलं तर परातीत दोन्ही गोळ्यांना लालच बोट. कुठलं हळदीचं, कुठलं कुंकवाचं, कळंना. लाजंनं कुणाला विचारलं न्हाई. अंदाजानं ठरवलं.

"आणि अंदाज उलटा लागला," म्हणाला.

मला दोन मिनिटं लागली कळायला. म्हणजे मी आठ दिवस आक्काचे दात घालून बसलेय. आणि ती माझे!

 मग अनघा हसायला लागली ती पोत्यावरनं खाली घसरेपर्यंत. मी वळून आक्काकडं बघितलं. तिनं पदरानं तोंड झाकलेलं. हसत होती का थुंकत होती, काय म्हाईत.

जन्मभर पापड लाटले. हळद खारानं लाल होते हे मला ठाऊक. तिला पण ठाऊक. विचारलं असतं तर दोघींनी सांगितलं असतं.

रविवार, ६ जुलै

आता अदलाबदल करायची. सोपं. पण कशी?

तिच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई. ती माझ्या न्हाई. बैठकीत समोरासमोर द्यायचे तर, हे घे, एवढं तरी बोलावं लागणार. कोण म्हणणार हे घे?

अनघाला म्हणलं, तू नेऊन दे. तर तिनं हात जोडले. "आजी, मी शाळेत होते तेव्हापासून तुमचे निरोप नेतेय. तिला म्हणावं पाटा परत दे, हिला म्हणावं तुझी कोंबडी आमच्यात आलीय. आता दात पण? मी नेणार नाही. तोंडानं बोला. दात त्यासाठीच असतात."

दात मटणासाठी असतात. पण तिला कोण सांगणार.

प्रज्ञेश म्हणाला, मी नेतो. तर आक्का दारातनंच ओरडली, "माझ्या तोंडातली वस्तू परक्या गड्याच्या हातात देऊ व्हय?" हे मात्र बरोबर बोलली. पहिल्यांदाच.

आखाड अठरा दिवस राहिला.

मंगळवार, ८ जुलै

प्रज्ञेश दोन दिवस रजा टाकून आलाय. चूक माझी, निस्तरतो म्हणतो. माझ्या खिडकीला सायकलची एक रिंग, आक्काच्या पडवीत दुसरी, मधे बोळावरनं गोल दोर. दोराला स्टीलचा डबा, कडीचा. ट्रकच्या वायपरची मोटर. मोटर आक्काच्या पडवीत लावली, कारण आमच्या भिंतीला ओल आहे, खिळा धरत न्हाई. माझ्याकडं एक बटण, तिच्याकडं एक बटण. मी दाबलं की तिच्याकडं सेलवर दिवा लागतो आणि मोटर फिरते. बोलायचं काम न्हाई.

शिकलेल्या पोरांनी दोन म्हाताऱ्यांनी बोलू नये म्हणून एवढं केलं. आमच्या लग्नाला एवढी माणसं खपली न्हाईत.

गुरुवार, १० जुलै

दात गेले!

रात्रभर मिठाच्या पाण्यात घातलेले. सकाळी डब्यात ठेवले, बटण दाबलं. झर्रकन निघाला. पाऊस चालू. बोळात पन्नास माणसं छत्र्या घेऊन माना वर करून. मधेच खालनं बजरंगचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत भाताची रोपं, वर बसलेल्या बाईच्या डोक्याला डबा लागला. "काय हाय गं त्यात?" "दात!" ती ट्रॉलीतच आडवी झाली.

पलीकडनं डबा परत आला. आत माझे. वास मिठाचा. बसवले.

टक्क!

एकदम बरोबर. हू न्हाई की चू न्हाई. पलीकडनं पण ऐकू आलं. टक्क.

दोन्ही दारांत दोघी उभ्या. मी हसले न्हाई. ती पण न्हाई.

शुक्रवार, ११ जुलै

मी बटण दाबलं न्हाई आणि डबा आपणहून आला. आत लिंबू.

लिंबू! माझ्या दारात! करणी करती व्हय? परत पाठवलं. बरोबर दाभणाएवढी सुई पण ठेवली, म्हणलं, टोचायचं तर नीट टोच.

शनिवार, १२ जुलै

डबा आला. वाटीत लिंबाच्या फोडी, मीठ-तिखट लावलेल्या. म्हणजे लिंबू लोणच्याचं होतं.

आणि सुई. सुईत दोरा ओवलेला.

मला वर्षभर सुईत दोरा ओवता येत न्हाई. कुणाला सांगितलेलं न्हाई. गोधडी तशीच पडलीय. हिला कसं कळलं? बसून माझ्याकडंच बघत असती वाटतं, दुसरा धंदा न्हाई.

रविवार, १३ जुलै

चार सुया पाठवल्या. नुसत्या. चारही ओवून आल्या. गोधडी अर्धी झाली.

अनघा आणि प्रज्ञेश पुण्याला गेले, तितं कसलंसं प्रदर्शन आहे. बारा दिवस गिरणी बंद. झाडायला कचरा न्हाई. करमत न्हाई म्हणणार न्हाई, पण गप्प वाटतं.

मंगळवार, १५ जुलै

वीज कडाडली. डीपी उडाली. गावात अंधार. लिहिणं बंद.

गुरुवार, १७ जुलै

लाइट आली. बटण दाबलं. डबा आला, पण हळू. आधी झर्रकन यायचा, आता कासवासारखा. थोडा येतो, थांबतो, परत येतो. पावसानं यंत्र गारठलं असंल. आक्कानं झड लागते म्हणून पडवीला प्लास्टिकचा कागद बांधलाय, आतलं काय दिसत न्हाई. तिच्याकडं आहे म्हणल्यावर नीट ठेवलं नसणारच.

रविवार, २० जुलै

आखाड केला. प्रदीपनं कामशेतवरनं मटण आणलं. माझं मीच शिजवलं. खाल्लं. चावून खाल्लं! हाड फोडलं. अनघा असती तर ओरडली असती. एक पोपटी दात जरासा हलला, बाकी ठणठणीत.

आक्काच्या घरी पण शिजत होतं. वास आला. मसाला करपलेला.

तिसऱ्या प्रहराला डबा आला. आत वाटी. वाटीत मटणाची नळी. भरलेली, चोखलेली न्हाई.

बराच वेळ बघत बसले. नळी कुणी कुणाला देत न्हाई. नवऱ्याला पण मन मारून देतात. मग हा मान म्हणायचा का टोमणा? की बघ, आमच्यात नळ्या उरतात?

खाल्ली. रिकामी नळी धुऊन परत पाठवली. तिचं तिनं समजून घ्यावं.

मंगळवार, २२ जुलै

डबा बोळाच्या मधोमध अडकला. पावसात लोंबकळतोय. मी खिडकीतनं ओरडले, "दम न्हाई मेल्यात!" यंत्राला म्हणलं. पलीकडं आक्काला खोकल्याची उबळ आली. मग थोड्या वेळानं डबा हलला.

शेजारची अंबूबाई आली होती चहाला. ती कुटं गप्प बसते! म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंचा उजवा खांदा धरलाय म्हणं, सून केस विंचरते." मी म्हणलं, मग मी काय करू? मी काय वैद्य आहे?

बुधवार, २३ जुलै

यंत्राचं एक ध्यानात आलं. एक ते तीन चालत न्हाई. किती बटण दाबा. तीन वाजले की निघतं. म्हणजे ह्याला पण दुपारची झोप! पोरांनी काय करून ठेवलंय काय म्हाईत.

गुरुवार, २४ जुलै

अवस. शेवटचं मटण. उद्या श्रावण.

तांब्याभर रस्सा पाठवला. काही विशेष न्हाई, उरला होता. मुद्दाम झणझणीत केला, तिला लागतो तसा. डबा जड झाला. अर्धा तास लागला पोचायला, इंच इंच. मी दोन शिव्या घातल्या. पण पोचला. सांडला न्हाई.

डबा परत आला. तांब्या घासलेला. आत दोन विड्याची पानं, चुना लावून. मला चुना जास्त लागत न्हाई हे तिला ठाऊक आहे, कमी लावलेला.

शनिवार, २६ जुलै

पोरं आली. बैठक झाली. अनघा म्हणाली, "आजी, दात झाले, बसले, मटण झालं. प्रकल्प पूर्ण. वही दाखव." म्हणलं, उंदरानं खाल्ली. "उंदरं तर मी हाकलली." म्हणलं, एक राहिला होता.

काय बिघडलं ते मी सांगितलं. म्हणलं, तुमचं यंत्र निकामी. आळशी. हळू चालतं, मधेच थांबतं, दुपारी झोपतं, खोकला आला की अडकतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञेश म्हणाला, "उद्या बघतो, आजी." आक्का दाराजवळच्या पोत्यावर बसलेली. तळहाताला हळद लावलेली दिसली. दोन्ही हातांना. काय भाजलं वाटतं.

रविवार, २७ जुलै

प्रज्ञेश आक्काच्या पडवीत जाऊन आला. म्हणाला, मोटर जळलीय. वीज पडली त्याच दिवशी. म्हणलं, मग बारा दिवस डबा काय आपोआप चालतोय? त्यानं माझ्या बटणाकडं बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही बटण दाबलं की तिकडं नुसता दिवा लागतो, आजी."

तो गेला. मी बटण दाबलं न्हाई. दोर दोन्ही हातांनी धरला आणि जरा ओढला. पलीकडनं ताण आला.